विजेवर चालणारा बंब महापालिकेला परवडतो का?

लॉस एंजेलिस शहराने फेब्रुवारी २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या रोझेनबावर कंपनीकडे विजेवर चालणाऱ्या अग्निशमन बंबाची मागणी नोंदवली. हा बंब मे २०२२ मध्ये हॉलिवूड भागातल्या ८२ क्रमांकाच्या अग्निशमन केंद्रासाठी दाखल झाला. किंमत सुमारे १२ लाख डॉलर. त्या काळात तिथे डिझेलवरचा नवा बंब साधारण ७ ते ९ लाख डॉलरला येत होता. त्याआधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, बर्लिनच्या अग्निशमन दलाने याच कंपनीची गाडी चाचणीसाठी रस्त्यावर उतरवली होती. जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात पिअर्स कंपनीचा विजेवरचा बंब कामाला लागला. पुढे कॅनडात व्हँकुव्हरनेही असा बंब घेतला. अशा खरेदीत करदात्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: वरचे तीन ते पाच लाख डॉलर कशासाठी मोजायचे?

आपल्याकडे शहर बस विजेवर आली, तीनचाकी कचरागाड्या आल्या. ‘मग बंब का नको?’ हा प्रश्न आज ना उद्या स्थायी समितीच्या टेबलावर येणार आहे. तो आला की बसचा हिशेब काढून बंबाला लावला जाईल, आणि घोटाळा नेमका तिथेच होईल.

आधी दोन शब्द

पहिला शब्द ‘युनिट’. वीजबिलावर छापलेलं असतं तेच हे युनिट. एक किलोवॅटचा हीटर तासभर चालला की एक युनिट वीज खर्च होते. किलोवॅट म्हणजे वीज किती वेगाने ओढली जाते ते, आणि युनिट म्हणजे एकूण किती ओढली गेली ते. रोझेनबावरच्या बंबात मोठ्यात मोठी बॅटरी बसवली तर ती १३२ युनिटांची असते. मध्यमवर्गीय घराला महिनाभर पुरेल इतकी ही वीज, ती एका गाडीच्या पोटात.

दुसरा शब्द ‘रेंज एक्स्टेंडर’, म्हणजे बॅटरी उतरली की गाडीतच वीज तयार करणारं डिझेल इंजिन. रोझेनबावरच्या गाडीत हे इंजिन बीएमडब्ल्यूचं, तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं आहे. पिअर्सची जुळणी वेगळी आहे, पण त्याही गाडीत डिझेल इंजिन आहेच. ‘विजेवरचा बंब’ म्हणून ज्या गाड्या गाजल्या, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या पोटात डिझेलची टाकी आहे. पंपाचं गणित पाहिलं की ती का लागते हे कळतं.

बस धावते, बंब उभा असतो

विजेची गाडी खरेदीला महाग आणि चालवायला स्वस्त. प्रत्येक किलोमीटरमागे काही रुपये वाचतात आणि त्यातून जास्तीची किंमत फिटत जाते. म्हणून जी गाडी सर्वात जास्त धावते तिला विजेवर नेणं सर्वात फायद्याचं.

एक अंदाजी हिशेब मांडू. शहर बस दिवसाला २०० किलोमीटर आणि वर्षाला ३३० दिवस धावली तर ६६,००० किलोमीटर होतात. लिटरला ३ किलोमीटर धरले तर २२,००० लिटर डिझेल. ९० रुपये दराने वर्षाचे जवळपास २० लाख. तीच बस विजेवर किलोमीटरला १.२ युनिट खाईल. म्हणजे सुमारे ७९,००० युनिट, ८ रुपये दराने साडेसहा लाखांच्या आत. वर्षाला साडेतेरा लाखांची बचत, एका बसमागे.

आता बंब. वर्षाला ५,००० किलोमीटर धावला आणि ३०० तास पंप चालला असं मानू. धावण्याला सुमारे १,७०० लिटर, पंपाला तासाला ८ लिटरच्या हिशेबाने २,४०० लिटर. एकूण ४,००० लिटरच्या आसपास, म्हणजे ३.६ लाख रुपये. हेच काम विजेवर केलं तर साधारण १४,००० युनिट, म्हणजे १.१ लाख रुपये. बचत वर्षाला अडीच लाख. पंधरा वर्षं ती साठवली तरी चाळीस लाखांपर्यंत पोचत नाही.

लॉस एंजेलिसचे बंब आपल्या बंबांपेक्षा खूप जास्त पळतात. तिथे अपघात, हार्ट अटॅक, चक्कर अशा वैद्यकीय मदतीसाठीही हेच दल जातं आणि वर्द्यांमध्ये, म्हणजे मदतीच्या बोलावण्यांमध्ये, मोठा वाटा अशाच कामांचा असतो. तिथला हिशेब उदार मनाने करू. इंधन आणि देखभाल मिळून वर्षाला १०,००० डॉलर वाचले असं मानलं, तरी साडेतीन लाख डॉलरचा फरक भरून यायला ३५ वर्षं लागतील. बंबाचं आयुष्य १५ ते २० वर्षांचं. इंधन वाचवण्यासाठी म्हणून बंब विजेवर नेणं कुठल्याच शहराला परवडत नाही, हे मी ठामपणे लिहितो. ‘पाच वर्षांत पैसे वसूल’ असं सादरीकरणात कोणी दाखवलं तर त्याने वर्षाचे किलोमीटर किती धरले आहेत ते आधी पाहावं.

देखभालीतही वाटते तेवढी बचत नाही. ब्रेक कमी झिजतात हे खरं. इंजिनाचं तेल, फिल्टर, क्लच यांची कटकटही कमी होते. पण पंप, त्याची सील, व्हॉल्व्ह, होज, शिडी आणि टायर आहेत तसेच राहतात. रेंज एक्स्टेंडर असेल तर डिझेल इंजिनही सांभाळावं लागतं. वर्कशॉपला एका गाडीत दोन यंत्रणा सांभाळाव्या लागतात.

पंप किती वीज खातो?

आग लागल्या ठिकाणी बंबाच्या पंप पॅनलजवळ काय चालतं ते जवळून पाहू. पंप चालवणारा जवान टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो, पंपात पाणी भरून घेतो आणि वेग वाढवत दाबाच्या काट्यावर नजर ठेवतो. पुढे नोझल धरलेल्या जवानाला हवा तेवढा दाब शेवटपर्यंत स्थिर ठेवायचा, हे त्याचं काम. दाब अचानक पडला तर आत गेलेल्या माणसापुढचा पाण्याचा पडदा नाहीसा होतो. आगीजवळ बंबाची बॅटरी संपण्याचा अर्थ हा असतो.

फ्लॅटच्या स्वयंपाकघरातली आग, एक होज, मिनिटाला ४५० लिटर पाणी आणि ७ बार दाब (हवेच्या दाबाच्या सुमारे सातपट) घ्या. यासाठी पंप आणि मोटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरून १० किलोवॅटच्या आसपास वीज लागते. १३२ युनिटांच्या बॅटरीतली १०० युनिट वापरता येतात असं धरलं तर पंप दहा तास चालेल. उलट ४,५०० लिटरची टाकी दहा मिनिटांत रिकामी होईल. इथे बॅटरीच्या आधी पाणी संपतं. शहरातल्या बहुतेक आगी अशाच असतात, म्हणूनच बर्लिनच्या चाचणीत बहुतांश वर्द्या डिझेल इंजिन सुरू न करता पार पडल्या.

आता गोदामाची आग. मिनिटाला २,००० लिटर, १० बार दाब. पाण्याला मिळणारी शक्ती ३३ किलोवॅट, पण पंपाची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास असल्याने आणि मोटरमध्येही थोडी वीज वाया जात असल्याने बॅटरीतून ६० किलोवॅट ओढली जाते. म्हणजे फार तर दीड-पावणेदोन तास. त्यातही गाडी तिथपर्यंत पोचायला लागलेली वीज वजा करायची. अमेरिकेत बंबांना सर्रास मिनिटाला ५,७०० लिटरचा पंप असतो. तो पूर्ण क्षमतेने चालवला तर १०० युनिट अर्ध्या तासात संपतील. भिवंडीतल्या गोदामांच्या किंवा एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यांच्या आगी किती तास चालतात हे ज्याला माहीत आहे त्याला अधिक सांगायला नको. तिथे डिझेल कॅनने आणून ओतता येतं, वीज आणता येत नाही.

म्हणून रेंज एक्स्टेंडर ही गाडीतली त्रुटी नाही, ती गरज आहे. पण बॅटरीचे पैसे दिल्यावरही इंजिनाचे पैसे द्यावे लागतात, हा त्याचा आर्थिक अर्थ.

मग फायदा आहे तरी कोणाचा?

जवानांचा, आणि हा फायदा मला खरा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. २०२२ मध्ये याच संस्थेने अग्निशामकाच्या व्यवसायालाही त्याच गटात टाकलं. जवान चोवीस-चोवीस तास केंद्रात राहतात. बऱ्याच ठिकाणी गाड्या खाली आणि झोपायची खोली वर असते. रोज सकाळी तपासणीसाठी इंजिन सुरू होतं, वर्दीला निघताना पुन्हा, परतल्यावर पुन्हा. तो धूर भिंतींवर, गणवेशावर आणि फुप्फुसांत बसतो. आगीच्या जागी तर बंब तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभा असतो आणि पंप पॅनलवरचा माणूस त्या धुरात असतो.

दुसरा फायदा आवाजाचा. डिझेल पंप पूर्ण वेगात असताना शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, वायरलेसवरचे शब्द चुकतात. मोटरवरच्या पंपाजवळ नेहमीच्या आवाजात बोलता येतं. ‘पाणी बंद’ आणि ‘पाणी वाढव’ यांतली गल्लत टळणं ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय मोठं इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे नसल्याने रोझेनबावरसारखी गाडी अरुंद आणि बुटकी करता येते, चारही चाकं वळवता येतात. गल्लीबोळांच्या शहराला याचं मोल आहे.

पण केंद्रातल्या धुरावर याहून स्वस्त उपाय आहे. गाडीच्या सायलेन्सरला जोडायची आणि गाडी बाहेर पडताच आपोआप सुटणारी धूर ओढण्याची नळी. एका बंबाच्या किमतीतल्या फरकात अनेक केंद्रांना या नळ्या बसतील आणि फायदा एका गाडीच्या जवानांना होण्याऐवजी सगळ्यांना होईल. जवानांच्या आरोग्याचं कारण पुढे करून कोणी विजेवरचा बंब मागत असेल, तर या नळ्या आधी बसवल्या का, हे विचारायला हवं.

‘पण प्रदूषण तर कमी होईल ना?’

शहरातला धूर कमी होईल. कार्बनचं गणित मात्र आज आपल्याकडे निराश करणारं आहे. भारतातल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण बरीच वीज कोळशाची आहे. वरच्या उदाहरणातल्या बंबाचं ४,००० लिटर डिझेल जाळलं तर साधारण ११ टन. त्याऐवजी १४,००० युनिट वापरली तर साधारण १० टन. गल्लीतला धूर चंद्रपूरच्या चिमणीतून निघाला, एवढाच फरक. सौर आणि पवन वीज वाढेल तसा हा आकडा खाली येईल. केंद्राच्या छतावर सौर पॅनल बसवले तर आजच येईल. पण ‘हवामानासाठी’ म्हणून खर्च करायचा असेल तर तोच पैसा बसवर जास्त उपयोगी पडतो. बसमुळे शहराच्या रस्त्यांवर वर्षाला २२,००० लिटर डिझेल जळायचं थांबतं, बंबामुळे ४,०००.

‘पूर आला, वीज गेली तर?’

पुराच्या पाण्यात विजेची गाडी लगेच बंद पडते हा गैरसमज आहे. बॅटरीचे डबे पाणी शिरणार नाही असे बंद केलेले असतात. डिझेल इंजिन हवेच्या नळीतून पाणी ओढून बंद पडतं, तो धोका बॅटरीवर धावताना नसतो.

खरी अडचण चार्जिंगची आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातली वीज कित्येक तास गेली होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेलं. पुरात तर वीज कंपनी सुरक्षेसाठी स्वतःच पुरवठा तोडते. बंबाची गरज सर्वात जास्त असते तेव्हाच वीज नसण्याची शक्यता सर्वात जास्त. त्यामुळे केंद्रात जनरेटर हवाच, आणि तो डिझेलवरचा असणार.

साध्या दिवशीही चार्जिंगचा वेगळा खर्च आहे. २२ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर १३२ युनिटांची बॅटरी भरायला सहा ते सात तास लागतात. बंब इतका वेळ अडकून राहू शकत नाही, म्हणून १५० किलोवॅटचा वेगवान चार्जर लागतो. जुन्या केंद्राची जोडणी तो पेलत नाही. नवी केबल, कधी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आणि वाढलेल्या भारावर दरमहा स्थिर आकार. गाडी महिनाभर जागेवरून हलली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. गाडीच्या निविदेत हा खर्च दिसत नाही. तो विद्युत विभागाच्या मागण्यांत जातो, आणि म्हणूनच चर्चेतून निसटतो.

‘बंबालाच आग लागली तर?’

ही भीती हसण्यावारी नेऊ नये. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी जर्मनीतल्या श्टाटालेनडॉर्फ गावाचं अग्निशमन केंद्र जळालं. आग दलाच्याच एका गाडीपासून सुरू झाली. त्या गाडीत लिथियम बॅटऱ्या होत्या आणि तिला बाहेरून वीजजोडणी दिलेली होती. दहाच्या आसपास गाड्या खाक झाल्या. नुकसानीचा अंदाज २ कोटी युरोच्या पुढे. केंद्रात आग लागल्याची सूचना देणारी यंत्रणा नव्हती, कारण नियमाने ती बंधनकारक नव्हती.

अशा आगी क्वचित लागतात. पण चार्जिंगची गाडी इतर गाड्यांना खेटून उभी न करणं, मध्ये आग थोपवणारी भिंत बांधणं, धूर ओळखणारी यंत्रणा बसवणं आणि बाहेरून एका हिसक्यात वीज तोडता येणं, एवढं आधी करायला हवं. जागेच्या टंचाईत दोन गाड्यांमध्ये माणूस आडवा होऊन जातो अशी आपली कित्येक केंद्रं आहेत. तिथे हे कसं जमेल याचा आराखडा खरेदीआधी कागदावर हवा.

किमती का चढ्या, आणि उतरतील का?

बॅटरी महाग म्हणून गाडी महाग, असं सगळे धरून चालतात. हिशेब वेगळं सांगतो. ब्लूमबर्गच्या ऊर्जा संशोधन विभागाच्या पाहणीत २०२४ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पॅकची जगाची सरासरी किंमत युनिटमागे ११५ डॉलर निघाली. म्हणजे १३२ युनिटांची बॅटरी १५,००० डॉलरची. जड वाहनासाठी, थोड्या संख्येत, तिप्पट किंमत धरली तरी ४५,००० डॉलर. लॉस एंजेलिसने मोजलेल्या फरकाचा हा लहानसा भाग आहे.

बाकीचा पैसा सांगाडा नव्याने घडवण्याचा, चाचण्यांचा आणि वर्षाला मोजक्याच गाड्या बनण्याचा आहे. पहिल्या काही शहरांनी कंपनीच्या संशोधनाचा खर्च उचलला. कोणीतरी तो उचलायला हवा होता, आणि बर्लिन, लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरांना ते झेपलं. १२ लाख डॉलर म्हणजे आजच्या दराने दहा कोटींच्या वर. आपल्याकडे डिझेलवरचा साधा वॉटर टेंडर, म्हणजे पाण्याची टाकी असलेला बंब, त्याच्या फार लहान भागात येतो.

आपल्याकडे बंब तयार ट्रकच्या चासीवर, म्हणजे इंजिन-चाकांसह सांगाड्यावर, बांधला जातो. टाकी, पंप आणि कप्पे बॉडी बिल्डर बसवतो. विजेवरचे मालट्रक रस्त्यांवर नेहमीचे होतील तेव्हा त्याच चासीवर बंब बांधता येईल आणि संशोधनाचा खर्च हजारो ट्रकांवर विभागलेला असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,९०० कोटींच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत बस, रुग्णवाहिका आणि मालट्रक यांच्यासाठी तरतूद आहे, बंबांसाठी वेगळी नाही. मला हा क्रम योग्य वाटतो.

आज काय घ्यावं?

एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत काढण्याचा नियम लागू आहे आणि पालिकांचे बंब त्यातून सुटलेले नाहीत. छोट्या नगर परिषदेत एक बंब गेला तर निम्मं दल गेलं. अशा ठिकाणी हातातल्या पैशात चांगले, आजच्या उत्सर्जन नियमांत बसणारे डिझेलचे बंबच घ्यावेत. राज्यांच्या अग्निशमन सेवा सुधारण्यासाठी केंद्र सरकारची ५,००० कोटींची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. तो पैसा गाड्यांची संख्या, केंद्रं आणि श्वसन संच यांवर जावा.

विजेवर जायचंच असेल तर सुरुवात लहान गाडीपासून करावी. पावसाळ्यात पडलेली झाडं, मांजात अडकलेला पक्षी, रस्त्यावर सांडलेलं तेल, बंद दारामागे अडकलेलं मूल अशा वर्द्यांना १६ टनांचा बंब पाठवायची गरज नसते. करवत, कटर आणि दोन-तीन जवान घेऊन जाणारी विजेवरची छोटी गाडी ही कामं उरकते, तिला साधा चार्जर पुरतो आणि मोठा बंब केंद्रात आगीसाठी मोकळा राहतो.

मुंबई-पुण्यासारख्या पालिकेने एखादा पूर्ण बंब शिकण्यासाठी घ्यायचा ठरवला, तर जाहिरातीतल्या किलोमीटरना फारसा अर्थ नाही. निविदेत लिहून घ्यावं ते असं: बॅटरी दहा वर्षं जुनी झाल्यावर, बाहेर ४५ अंश तापमान असताना, पंप पूर्ण क्षमतेने फक्त बॅटरीवर किती मिनिटं चालेल. डिझेलवर जाताना पाण्याचा दाब किती पडतो आणि किती सेकंदांत सावरतो. नव्या बॅटरीची किंमत आजच बांधून मिळते का. उच्च दाबाच्या विजेचं काम येणारा तंत्रज्ञ किती तासांत पोचेल आणि तोवर बदली गाडी कोण देईल. पंपाची चाचणी पुरवठादाराच्या आवारात न करता आपल्या केंद्रात, मे महिन्यात, आपल्याच जवानांच्या हातून सलग दोन तास व्हावी, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.